न सोडवलेल्या सामानाचा लिलाव

बंगळूर शहराच्या आग्नेय भागात कोरमंगला नावाची वसाहत आहे. आठ ब्लॉकांत विभागलेल्या या वसाहतीत १९९७ च्या राष्ट्रीय क्रीडास्पर्धांच्या वेळी खेळाडूंच्या निवासासाठी इमारती उभ्या राहिल्या. पुढे संगणकाच्या व्यवसायाला बहर आला आणि देशभरच्या तरुणांची येथे रीघ लागली. सोलापूर, नागपूर, बेळगाव, पुणे येथून आलेली मराठी मुलेमुलीही त्यांत पुष्कळ आहेत. वर्षा-दोन वर्षांत नोकरी बदलते, परदेशी जाण्याची संधी येते, किंवा घरमालकाला खोली रिकामी हवी असते; आणि मग पलंग, फ्रिज, भांडीकुंडी, पुस्तकांची खोकी यांचे करावयाचे काय, असा प्रश्न उभा राहतो. या प्रश्नाचे उत्तर म्हणून दरमहा भाडे घेऊन घरगुती सामान सांभाळणारी गुदामे निघाली. जुन्या मराठीत यालाच वखार म्हटले असते.

या गुदामांची व्यवहाराची रीत दोन प्रकारची असते. पहिल्या प्रकारात गुदामवाल्याची माणसे टेम्पो घेऊन घरी येतात, सामान बांधतात, त्याची यादी करून सही घेतात आणि ते आपल्या ताब्यात ठेवतात. दुसऱ्या प्रकारात ग्राहकाला एक लहानशी कोठडी दिली जाते. कुलूप त्याचे, किल्ली त्याची. दोन्ही प्रकारांत प्रारंभी भाडे नियमाने येते. मग ग्राहकाचा दूरध्वनी क्रमांक बदलतो, पत्ता बदलतो, भाडे थकते. १९२० च्या दशकातील गिरणीकामगार गावी जाताना ट्रंक शेजाऱ्याकडे ठेवून जाई, तेव्हा निदान शेजारी तरी ओळखीचा असे. २०२० च्या मार्चअखेरीस टाळेबंदी पुकारली गेली, तेव्हा बंगळुरातील कित्येक तरुण गावी गेले ते लवकर परतलेच नाहीत. आणि मागे राहिलेल्या संसारावर नेमका अधिकार कोणाचा, हा प्रश्न अनेकांना प्रथमच पडला.

सर्वसाधारण समजूत अशी की, भाडे थकले म्हणजे गुदामवाल्याने सामान विकावे आणि आपले पैसे वळते करून घ्यावेत. कायदा मात्र इतका सरळ नाही. दुसऱ्याकडे विश्वासाने सोपवलेल्या वस्तूला निक्षेप म्हणतात. मनुस्मृतीने विवादाची जी अठरा पदे सांगितली, त्यांत ऋणादानानंतर दुसरे स्थान निक्षेपालाच दिले आहे. यावरून हा तंटा किती जुना आहे ते दिसून येते. आज या विषयाचे नियमन १८७२ चा भारतीय करार कायदा करतो. त्याच्या १७० व्या कलमान्वये, ज्याने वस्तूवर श्रम किंवा कौशल्य खर्च केले, त्याला मोबदला मिळेपर्यंत ती वस्तू अडवून ठेवता येते. कायद्यानेच उदाहरण दिले आहे: हिरा पैलू पाडण्यासाठी जवाहिऱ्याकडे दिला, तर मजुरी मिळेपर्यंत तो हिरा देण्याचे जवाहीर नाकारू शकतो. परंतु नुसते छपराखाली ठेवणे म्हणजे श्रम किंवा कौशल्य नव्हे. १७१ व्या कलमात सर्वसाधारण धारणाधिकार असणाऱ्यांची यादी आहे. त्यांत बँका, अडते, धक्केवाले, उच्च न्यायालयातील वकील आणि विमा-दलाल आहेत. घरगुती सामान ठेवणारा गुदामवाला त्या यादीत नाही. म्हणजे करारपत्रात तसे लिहून घेतले नसेल, तर या कायद्याखाली सामान अडवून ठेवण्याचा त्याचा हक्कसुद्धा डळमळीत आहे. विकण्याची गोष्ट तर दूरच राहिली.

अडवणे आणि विकणे यांतील हा भेद इंग्लंडातील एका जुन्या खटल्याने चांगला स्पष्ट होतो. एक पाहुणा सराईत उतरला आणि बिल न देताच आपल्याजवळचे घोडे मागे टाकून निघून गेला. सराईवाल्याने घोडे काही काळ पोसले आणि अखेर विकून टाकले. घोडे वस्तुतः दुसऱ्याच इसमाच्या मालकीचे निघाले. १८७८ च्या मलिनर विरुद्ध फ्लॉरेन्स या निकालात न्यायालयाने ठरवले की, सराईवाल्याला घोडे अडवण्याचा हक्क होता, विकण्याचा नव्हता. आणि विकताच अडवण्याचा हक्कही संपला. बिचाऱ्याने चारा घातला तो घातलाच, वर भरपाईही द्यावी लागली. त्याच वर्षी पार्लमेंटने कायदा करून सराईवाल्यांना विक्रीचा अधिकार दिला, पण अटी घालूनच: सामान सहा आठवडे पडून असले पाहिजे आणि विक्रीपूर्वी निदान एक महिना वृत्तपत्रांत जाहिरात दिली पाहिजे. अधिकार हवा असेल तर तो विधिमंडळाकडून, रीतसर आणि मोजून घ्यावा लागतो, हे त्या प्रकरणाचे सार होय.

भारतात घरगुती गुदामांसाठी असा स्वतंत्र केंद्रीय कायदा झालेला नाही. २००७ चा वखार विकास व नियमन कायदा गुदामवाल्याला धारणाधिकार देतो खरा, पण त्याची सारी रचना नोंदणीकृत वखारी आणि त्यांच्या पावत्या यांभोवती, मुख्यतः शेतमालासाठी, झालेली आहे. म्हणून कोरमंगल्यातील तरुणाचे भवितव्य ठरते ते त्याने घाईघाईने, बहुधा न वाचता, सही केलेल्या करारपत्रावर. अमुक महिने भाडे थकल्यास सूचना देऊन सामान विकण्यात येईल, असे कलम तेथे असू शकते. हे कलम सामानाला जवळजवळ तारणाचे रूप देते. आणि तारणाच्या विक्रीला करार कायद्याचे १७६ वे कलम लागू आहे. त्यानुसार विक्रीची वाजवी सूचना द्यावीच लागते आणि थकबाकी वजा जाता उरलेली रक्कम मालकाला परत करावी लागते. वाजवी सूचनेचे हे बंधन टाळता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२२ साली तारणाविषयीच्या एका निकालात स्पष्ट केले. तारण घेणाऱ्याने ती वस्तू स्वतःलाच विकून घेणेही न्यायालयाने अमान्य केले. कोठडीची किल्ली ग्राहकाकडे असेल तर प्रश्न आणखी नाजूक होतो. तेथे सामान गुदामवाल्याच्या ताब्यात दिलेलेच नसते. त्याने केवळ जागा वापरू दिलेली असते. कुलूप तोडण्याचा अधिकारच आधी कोठून येतो, हे त्याला दाखवावे लागेल.

गुदामवाल्याने न्यायालयाचा मार्ग धरला तर काय होईल? थकलेल्या रकमेचा दावा, हुकूमनामा, जप्ती आणि मग जाहीर लिलाव, असा तो क्रम आहे. पण १९०८ च्या दिवाणी प्रक्रिया संहितेच्या ६० व्या कलमाने ऋणको आणि त्याचे कुटुंबीय यांचे आवश्यक कपडे, स्वयंपाकाची भांडी, पलंग आणि अंथरूण-पांघरूण यांना जप्तीतून वगळले आहे. कारागिराची हत्यारेही वगळली आहेत. म्हणजे न्यायालयाचा बेलिफ ज्या वस्तूंना हात लावू शकत नाही, नेमक्या त्याच वस्तू खासगी करारपत्राच्या एका ओळीने विकल्या जाऊ शकतात! ही विसंगती दूर व्हावयास हवी. गुदामवाल्याची बाजूही लंगडी नाही. समजा, महिन्याला दीड हजार भाडे आणि अठरा महिन्यांची थकबाकी. रक्कम सत्तावीस हजारांची झाली. वापरलेली गादी आणि पोपडे निघालेले कपाट जुन्या बाजारात याच्या जवळपासही जाणार नाही, आणि जागा मात्र अडून राहते.

जेथे कायद्याने लक्ष घातले आहे, तेथे व्यवहार पुष्कळ सुरळीत झालेला दिसतो. रेल्वेने आलेला माल कोणी सोडवून नेला नाही, तर १९८९ च्या रेल्वे कायद्यानुसार सात दिवसांत माल न्यावा अशी सूचना द्यावी लागते. ती निष्फळ ठरल्यावर जाहीर लिलाव होतो. बँकांच्या लॉकरचा अनुभव अधिक बोलका आहे. कोलकात्यातील एका ग्राहकाचा लॉकर बँकेने भाडे थकल्याचे सांगून १९९४ मध्ये फोडला. भाडे तर भरलेले होते, आणि त्यातील सात दागिन्यांपैकी दोनच त्याच्या हाती आले. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात पोहोचले, आणि २०२१ साली न्यायालयाने पाच लाख रुपये भरपाई देववून रिझर्व्ह बँकेस नियम करण्यास सांगितले. आता सलग तीन वर्षे भाडे थकल्यावरच, पूर्वसूचना देऊन, अधिकारी आणि दोन स्वतंत्र साक्षीदार यांच्या समक्ष लॉकर उघडता येतो. वस्तूंची यादी होते, चित्रीकरण होते आणि ऐवज मोहोरबंद करून ठेवला जातो. अमेरिकेत कोठड्यांच्या लिलावांवर २०१० पासून दूरदर्शन-मालिका चालली. बोली बोलणाऱ्यांनी दारातून आत डोकवावे आणि नशीब अजमावावे, असा तो खेळ. पण त्या खेळामागेही कॅलिफोर्नियासारख्या राज्यांचे लेखी सूचना आणि जाहिरात यांविषयीचे तपशीलवार कायदे आहेत, हे पडद्यावर फारसे दिसत नाही.

सूचना न देता सामान विकले गेल्यास मालकाला भरपाईचा दावा लावता येतो; करारच अन्याय्य असेल तर २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली राज्य आयोगाकडे जाता येते. गुदामवाल्याने अप्रामाणिकपणे विल्हेवाट लावली असेल, तर तो फौजदारी विश्वासघात ठरतो, आणि वखारवाल्यांसाठी त्याची शिक्षा सामान्य माणसापेक्षा अधिक आहे. ठेवलेली वस्तू परत मिळवण्याच्या दाव्याची मुदत तीन वर्षे असून, मागणी केल्यावर नकार मिळाला त्या दिवसापासून ती मोजली जाते. म्हणून मागणी लेखी करावी. सामान देताना यादीची प्रत जवळ ठेवावी, विक्रीचे कलम वाचावे, आणि पत्ता बदलला की तो कळवावा. सूचना नोंदलेल्या पत्त्यावरच जाणार असते. पदव्यांची प्रमाणपत्रे, कुटुंबाची छायाचित्रे, घराचे दस्त ही तर गुदामात ठेवूच नयेत, कारण त्यांना बाजारात किंमत नसते आणि रद्दीच्या गठ्ठ्यांबरोबर ती निघून जातात. खोक्यात पासपोर्ट सापडला तर त्यावर बोलीच लागू शकत नाही. १९६७ च्या पारपत्र कायद्याप्रमाणे तो केंद्र सरकारच्या मालकीचा असतो, आणि तो पारपत्र कार्यालयाकडेच पोहोचता करावा लागतो.