तोफा पोचतात, परवाना पोचत नाही

जानेवारी २०१८ मध्ये जर्मनीत बाउत्सेनजवळ, ए-४ महामार्गावर पोलिसांनी ट्रेलरांचा एक ताफा अडवला. त्यावर अमेरिकी सैन्याच्या सहा पॅलाडिन तोफा होत्या, वाहतुकीचा ठेका पोलंडमधल्या खासगी कंपनीकडे. ट्रेलर मापापेक्षा रुंद, कागदपत्रं अपुरी, चालकांचे गाडी चालवायचे तासही उलटून गेलेले. तोफा जागच्या जागी थांबल्या.

मी रॉटरडॅममध्ये मालवाहतुकीच्या कागदपत्रांचं काम करते. माझ्या मते पोलिसांचं काहीच चुकलं नाही. रस्ते आणि पूल खचू नयेत म्हणूनच हे नियम आहेत.

इथून वॉर्साला निघालेला केळ्यांचा ट्रक वाटेतल्या कुठल्याही देशाची परवानगी न घेता पोचतो. परदेशी सैन्य मात्र मित्राचं असलं तरी वाटेतल्या प्रत्येक देशाची परवानगी घेऊनच आत येतं. शिवाय दारूगोळ्याचे, अवजड वाहनांचे, कस्टमचे अर्ज वेगळे. एका सदस्य देशाला तर ४५ दिवस आधी कळवावं लागतं, अशी नोंद युरोपीय संघाच्या लेखापरीक्षकांनी २०२५ च्या अहवालात केली. युरोपातल्या अमेरिकी सैन्याचे माजी प्रमुख बेन हॉजेस यांनी ‘लष्करी शेंगेन’ची, म्हणजे सैन्यासाठीही सीमा मोकळ्या करण्याची, मागणी लावून धरली, ती यासाठीच.

आता युरोपीय संरक्षण निधीच्या पैशातून एक सुरक्षित डिजिटल व्यवस्था आकाराला येते आहे. तुकडीचा मार्ग, तारखा, गाड्यांची रुंदी, एक्सलवरचा भार, दारूगोळ्याचा प्रकार ही माहिती एकदाच भरायची आणि ती संबंधित देशांकडे सुरक्षितपणे पोचवायची, अशी त्यामागची कल्पना. नोव्हेंबर २०२५ मध्ये युरोपीय आयोगानं परवानगीसाठी जास्तीत जास्त ३ दिवस आणि आणीबाणीत ६ तास अशी मुदत सुचवली.

आमच्या धंद्यात अर्ज भरायला वेळ लागत नाही. दिवस जातात ते सही करणारा अधिकारी सापडेपर्यंत. म्हणून अर्ज नेमका कुणाच्या टेबलावर पडून आहे हे सगळ्यांना दिसणं, हाच मला या व्यवस्थेचा सगळ्यात मोठा फायदा वाटतो. साठ टनांहून जड लेपर्ड रणगाडा पेलणारा पूल त्यातून उभा राहणार नाही, हेही खरं. रेल्वेचंही तसंच. लिथुएनियात बहुतेक ठिकाणी दोन रुळांमधलं अंतर १५२० मिलिमीटर, पोलंडमध्ये १४३५. जिथं रुंदी बदलते तिथं बहुतेक वेळा माल उतरवून पुन्हा चढवावा लागतो.

मला खरी काळजी वेगळीच आहे. कुठली तुकडी, कुठल्या रस्त्यानं, कधी जाणार हे सगळं एका ठिकाणी साठलं, तर शत्रूचा पहिला हल्ला तिथंच होईल. जून २०१७ मध्ये नॉटपेट्या या सायबर हल्ल्यानं मर्स्क कंपनीची यंत्रणा कोलमडली आणि तिच्या रॉटरडॅममधल्या टर्मिनलांवरचं काम बंद पडलं. तो हल्ला मुळात युक्रेनवर होता. आमचं बंदर मधल्या मध्ये सापडलं. त्यामुळे नवी व्यवस्था चालू झाल्यावरही प्रत्येक देशानं कागदावर परवाना देण्याचा सराव दरवर्षी करावा, आणि तो आयोगानं सक्तीचा करावा, असं मला कळकळीनं वाटतं.