ट्रकच्या कारखान्यावरचं दहा एकरांचं रान

अमेरिकेतल्या मिशिगन राज्यात, डिअरबॉर्न शहरात, फोर्डचे एफ-१५० ट्रक जुळवणारा एक कारखाना आहे. खाली कन्व्हेअरवर सांगाडे सरकत असतात आणि त्यांच्या डोक्यावर, छपरावर, दहा एकरांहून जास्त जागेत झाडोरा वाढतो. २००३ साली पूर्ण झालेल्या या छपराची २००४ मध्ये जगातलं सर्वांत मोठं हिरवं छप्पर म्हणून गिनीज बुकात नोंद झाली. मात्र ते विक्रमासाठी बसवलेलं नव्हतं आणि शोभेसाठीही नव्हतं. ते बसवलं पावसाच्या पाण्यासाठी.

त्यामागे जागेचा इतिहास आहे. रूज नदीकाठचं हे संकुल हेन्री फोर्डने १९१७ पासून उभारायला घेतलं. एका टोकाने लोहखनिज आत जायचं, दुसऱ्या टोकाने तयार मोटार बाहेर पडायची. औद्योगिक जगाने या कारखान्याचं भरपूर कौतुक केलं आणि किंमत नदीने मोजली. १९६९ च्या ऑक्टोबरमध्ये रूजच्या पाण्यावरच्या तेलाने चक्क पेट घेतला. पुढे १९९९ मध्ये संकुलाच्या वीजघरात स्फोट होऊन सहा कामगार दगावले. ही जुनी, डागाळलेली जागा सोडून दुसरीकडे नवा कारखाना थाटणं सोपं होतं. हेन्रीचे पणतू बिल फोर्ड यांनी तिथेच राहायचं ठरवलं आणि नव्या आराखड्यासाठी वास्तुविशारद विल्यम मॅकडोनो यांना बोलावलं. या प्रकरणातला सर्वांत मोलाचा निर्णय हाच, छप्पर त्याच्या पोटातून आलं.

छप्पर आणि गाड्या उभ्या करण्याची आवारं, दोन्हींवरून धावणारं पाणी तेल, धूळ, धातूचे कण घेऊन नदीत जातं. ते अडवून साफ करणं भाग होतं. रूढ उपाय म्हणजे पाइप, टाक्या आणि शुद्धीकरण केंद्र. मॅकडोनोंनी पाणी पडतं तिथेच धरायचं ठरवलं: आधी छपरावर, मग पाणी झिरपू देणाऱ्या फरसबंदीत, शेवटी गवताळ चर आणि तळ्यांत. हिशेब करून पाहावा. छपराचं क्षेत्रफळ सुमारे ४२ हजार चौरस मीटर. त्यावर २५ मिलिमीटर पाऊस झाला, तर साडेदहा लाख लिटर पाणी होतं.

खरी अडचण वजनाची. बागेतल्या मातीचा फूटभर थर भिजला, की चौरस मीटरला पाचशे किलोंच्या वर जातो. कारखान्याच्या पोलादी सांगाड्याला तो पेलणार नाही. म्हणून अशा छपरावर साधी माती घालतच नाहीत. भाजून फुगवलेला सच्छिद्र दगड, वाळू आणि थोडं कंपोस्ट यांचं मिश्रण घालतात, तेही दोन-तीन बोटांएवढंच. डिअरबॉर्नचं छप्पर पूर्ण भिजल्यावरही चौरस मीटरला पन्नास किलोंच्या आसपास राहतं.

बसवण्याचा क्रम ठरलेला असतो. सर्वांत खाली वॉटरप्रूफिंग, त्यावर मुळं रोखणारा पडदा, मग पाणी वाहून नेणारा थर, पाणी धरणारं जाड कापड, मिश्रण आणि वर झाडं. वॉटरप्रूफिंग झालं की आपल्याकडच्या गच्चीसारखीच पॉन्डिंग टेस्ट घ्यावी. पाणी तुंबवून ठेवायचं आणि खालून ओल शोधायची. एकदा रान अंथरलं, की गळती हुडकायला ते सगळं उचलावं लागतं. कडेने आणि पन्हळींच्या तोंडाशी खडीची पट्टी मोकळी सोडतात. इथे कंजूषी केली, की पालापाचोळ्याने तोंडं बुजतात. डिअरबॉर्नला झाडं एकेक करून लावली नाहीत. कापडी चटयांवर ती आधी जमिनीवर वाढवली, मग चटया गुंडाळून वर नेल्या आणि अंथरल्या.

झाडं सीडमची. पानं जाड, गुबगुबीत; नखाने दाबलं तर रस बाहेर येतो. आपल्या अंगणातल्या पानफुटीच्याच कुळातली ही झाडं. या कुळातल्या अनेक झाडांची एक खुबी आहे. कोरड्या दिवसांत ती पानांवरची रंध्रं दिवसा मिटून रात्री उघडतात, त्यामुळे भर उन्हातही पाणी टिकतं. मिशिगन स्टेट युनिव्हर्सिटीने फोर्डच्या सहकार्याने कोणत्या जाती कितपत तग धरतात याच्या चाचण्या घेतल्या होत्या. छप्पर अंथरल्यावर थोड्याच दिवसांत टिटवीच्या कुळातल्या किलडियर पक्ष्यांनी तिथे अंडी घातली.

देखभाल मात्र सुटत नाही. वाऱ्याबरोबर आलेलं झाडाचं बी रुजलं, तर रोप लहान असतानाच उपटावं लागतं. उलट लाभ असा की ऊन थेट न लागल्याने खालचं वॉटरप्रूफिंग जास्त टिकतं, आणि उन्हाळ्यात छप्पर डांबरी छपराएवढं तापत नाही. टोरोंटो शहराने २०१० पासून ठरावीक आकारापुढच्या नव्या इमारतींना हिरवं छप्पर बंधनकारक केलं, ते याच हिशेबांवर.

मुंबई-पुण्यातल्या कार्यालयांच्या माथ्यावर हेच अंथरलं तर? नुसती नक्कल चालणार नाही. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. तसल्या दिवशी बोटभर थर सुरुवातीच्याच सरींत भरून जातो. सीडमला तर चार महिन्यांची ओल मुळीच मानवत नाही. पण कोकणातल्या सड्यांवर आणि कास पठारावर कातळावरच्या जेमतेम मातीत कितीतरी वनस्पती पावसात बहरतात, उन्हाळ्यात कंद किंवा बी होऊन दडून बसतात. मिशिगनमध्ये झाल्या तशा चाचण्या इथल्या गच्चीवर या झाडांच्या व्हायला हव्यात, निदान तीन-चार पावसाळे, आणि पन्हळी मोठ्या ठेवून.