मुलुंडचा संसार अश्दोदच्या किनाऱ्यावर

वाचकहो, भाताची लावणी तुम्ही दरवर्षी करता. रोप उपटून खाचरात लावले की चार दिवस ते मान टाकते, पिवळे पडते. नवखा माणूस पाहून म्हणेल, गेले हे! जाणता शेतकरी मात्र घाबरत नाही. आठ-दहा दिवसांत नवी मुळी सुटते आणि खाचर हिरवेगार होते, हे त्याला ठाऊक असते. घर सोडून परमुलखात गेलेल्या माणसाचेही असेच होते. फक्त त्याला दिवसांऐवजी वर्षे लागतात. अशाच एका जोडप्याची ही हकीकत.

माझे बालपण मुलुंडच्या एका चाळीत गेले. शेजारच्या खोलीत काका आणि मावशी राहत. मावशींच्या गळ्यात मंगळसूत्र, हातात हिरव्या बांगड्या आणि बोलणे अस्सल अलिबागकडचे. पण शुक्रवारी दिवेलागणीला त्यांच्या घरी वेगळीच प्रार्थना होई आणि शनिवारी त्यांची शेगडी पेटत नसे. मला त्याचे नवल वाटे. आई सांगे, "अरे, ते बेने इस्रायल आहेत. यहुदी धर्माचे. पण माणसे आपल्याच मुलखातली." १९८१ साली हे दोघे मुलुंडची खोली सोडून इस्रायलमधील अश्दोद या बंदराच्या गावी कायमचे राहायला गेले. मुलगा आधीच तिकडे गेला होता.

शनिवार तेली

आता माझी नोकरी अलिबाग तालुक्यात आहे. कामासाठी फिरताना नवगाव लागते. शेकडो वर्षांपूर्वी येथील किनाऱ्याजवळ एक गलबत फुटले आणि त्यातून सात पुरुष व सात बायका वाचल्या, असे बेने इस्रायल लोक परंपरेने सांगत आले आहेत. त्यांची जुनी दफनभूमी आणि स्मारक तेथे आहे. म्हणजे या समाजाची कथाच मुळी समुद्रकाठी परमुलखात संसार मांडणाऱ्या सात जोडप्यांपासून सुरू होते.

या लोकांनी कोकणात तेलाचे घाणे चालवले, शेती केली. शनिवारी घाणा बंद, म्हणून गावाने त्यांना "शनिवार तेली" म्हटले. आडनावेही गावांवरून पडली. पेणकर, रोहेकर, किहीमकर, दिवेकर ही त्यांतलीच. पुढे पुष्कळ जण मुंबईला गेले. १७९६ साली सॅम्युएल इझिकेल दिवेकर यांनी मुंबईत या समाजाचे पहिले प्रार्थनामंदिर बांधले. ठाण्याचे प्रार्थनामंदिर १८७९ चे आहे. काका-मावशी सणाला मुलुंडहून लोकलने तेथेच जात.

मावशींचा स्वयंपाक आपल्यासारखाच, पण नियम कडक. मांस आणि दूध एकत्र चालत नाही, म्हणून रस्सा नारळाच्या दुधात. कोळंबी आणि खेकडा वर्ज्य. शुक्रवारच्या प्रार्थनेला काळ्या मनुका भिजवून केलेले सरबत. नवस फेडताना मलिदा, म्हणजे गोड पोहे, त्यात खोबरे आणि वेलची, सोबत फळे. आम्हा मुलांना मलिद्याचा दिवस बरोबर पाठ असे!

पहिले वर्ष

मावशींची तिकडे जायची इच्छा नव्हती. त्याला कारणही होते. १९४८ साली इस्रायल देश स्थापन झाल्यावर आपल्याकडून जी पहिली कुटुंबे गेली, त्यांतील काहींना तेथे कामात आणि वागणुकीत दुजाभाव सोसावा लागला. त्यांनी धरणे धरले, "आम्हाला परत पाठवा" म्हणून सांगितले, आणि १९५२ मध्ये ती माणसे खरोखरच मुंबईला परत आली. त्यांतील बरीचशी पुढे पुन्हा तिकडे गेली. काकांचे थोरले भाऊ त्यांच्यातलेच एक. त्यामुळे घरात हा विषय निघाला की मावशी म्हणत, "भावजींनी एकदा हात पोळून घेतला, आता आपण कशाला?"

तरी त्या गेल्या. त्यांची पत्रे आईने पत्र्याच्या डब्यात जपून ठेवली आहेत. पहिल्या वर्षाची पत्रे वाचवत नाहीत. घर तिसऱ्या मजल्यावर, समोर समुद्र, पण भरती-ओहोटी आपल्यासारखी नाही. ओहोटीला दूरवर उघडा पडणारा किनारा नाही, शिंपल्या वेचणाऱ्या बायका नाहीत. नारळ औषधाला मिळत नाही. भाषा उजवीकडून डावीकडे लिहायची. नव्याने येणाऱ्यांसाठी तेथे हिब्रू भाषेचे वर्ग असतात, त्यांना उलपान म्हणतात. अठ्ठेचाळीस वर्षांचे काका पहिलीच्या मुलासारखी अक्षरे गिरवत बसत. मावशींनी वर्गात जायचे नाकारले. त्यांनी एक ट्रंक सहा महिने उघडलीच नाही. "परत जायचे तर पुन्हा कशाला भरा," असे त्या पत्रात लिहीत.

काकांनी एक गोष्ट मात्र शहाणपणाची केली होती. गावाकडची आठ गुंठे वाडी त्यांनी विकली नाही. चुलतभावाकडे कसायला ठेवली. मावशींना ते सांगत, "पाच वर्षे राहून पाहू. नाही जमले तर वाडी आहे."

कोथिंबिरीची जुडी

ट्रंक उघडली ती एका जुडीमुळे. त्याच जिन्यात मोरोक्को देशातून आलेले एक यहुदी कुटुंब राहत असे. त्या बाईला मराठी येत नव्हते आणि मावशींना हिब्रू येत नव्हते. एके दिवशी त्या बाईच्या पिशवीत मावशींना कोथिंबीर दिसली. मोरोक्कोच्या स्वयंपाकातही कोथिंबीर लागते. मावशी नुसत्या पाहत राहिल्या. त्या बाईने अर्धी जुडी काढून हातात दिली आणि म्हणाली, "कुसबरा." मावशींनी पत्रात लिहिले, "नावसुद्धा किती जवळचे वाटले गं!" दुसऱ्या दिवशी त्यांनी ट्रंकेतला पाटा-वरवंटा काढला, चटणी वाटली आणि वाटीभर तिच्या घरी नेऊन दिली. मग दोघी मिळून बाजाराला जाऊ लागल्या आणि मावशी बाजारातच भाषा शिकल्या. काकांच्या आधी शिकल्या! पुढे त्यांना एका बालवाडीच्या स्वयंपाकघरात काम मिळाले. काका बंदरात फिटर होतेच.

मानाचा प्रश्न

पोट भरले तरी माणूस मानावाचून रुजत नाही. १९६२ च्या सुमारास तेथील धर्मपीठाने असा नियम काढला की बेने इस्रायल मुलाचे किंवा मुलीचे इतर यहुद्यांशी लग्न लावण्यापूर्वी त्यांच्या वाडवडिलांची चौकशी करावी. ज्यांनी शेकडो वर्षे कोकणात शनिवार पाळला, त्यांनाच "तुम्ही खरे यहुदी कशावरून?" असा सवाल! आपली माणसे गप्प बसली नाहीत. जेरुसलेमला त्यांनी धरणे धरले. शेवटी ऑगस्ट १९६४ मध्ये तेथील संसदेने जाहीर केले की बेने इस्रायल हे सर्व बाबतींत यहुदीच आहेत. काका-मावशी गेले तेव्हा ही लढाई जुन्या मंडळींनी जिंकून ठेवली होती. काका म्हणत, "आपण आयत्या बांधावर चालत आलो. बांध घालणारे वेगळे."

माझी चूक

१९९० मध्ये मी दापोलीच्या कृषी विद्यापीठात शिकत असताना मावशींचे मला पत्र आले. "बाळ, तू शेतीचा शिकतोस ना? मग माझ्या गॅलरीतली कोथिंबीर का जळते ते सांग." मी ऐटीत उत्तर धाडले, मृग नक्षत्रावर पेरा. मावशींचे उलट उत्तर आले, "अरे, इथे जूनमध्ये एक थेंब पडत नाही!"

खरेच आहे. आपल्याकडे जून ते सप्टेंबर पाऊस, तर तिकडे तो थंडीत पडतो, साधारण ऑक्टोबरअखेर ते मार्च-एप्रिल. तोही अश्दोदला वर्षाला सुमारे ५०० मिलिमीटर. कोथिंबिरीला थंडी मानवते. उन्हाळ्यातील मोठ्या दिवसांत ती पाला न धरता लवकर फुलावर येते. मग मी नीट विचार करून दुसरे पत्र लिहिले. त्यातील सूचना आपल्या किनारपट्टीच्या भगिनींनाही उपयोगी पडतील.

धणे हलके रगडून दोन फाका कराव्यात, रात्रभर भिजवावे आणि हवा थंड झाल्यावर पेरावे. खाऱ्या वाऱ्याने पानांचे शेंडे करपतात, म्हणून समुद्राच्या बाजूला पोते किंवा जुने कापड बांधावे. कुंडीच्या बुडाला भोक ठेवावे. रोज थोडे थोडे पाणी शिंपडले तर मीठ वरच साचते. त्यापेक्षा अधूनमधून बुडातून पाणी निघेपर्यंत भरपूर द्यावे, म्हणजे मीठ धुऊन जाते. त्या हिवाळ्यात मावशींची कोथिंबीर टोपलीभर झाली. मी मात्र तेव्हापासून सल्ला देण्याआधी "तुमच्याकडे पाऊस कधी पडतो?" हे विचारायला शिकलो.

पाण्याचे मोल त्या देशाने ओळखले आहे. उत्तरेच्या सरोवराचे पाणी दक्षिणेच्या कोरड्या भागाकडे नेणारी मोठी वाहिनी १९६४ साली सुरू झाली. १९६५ साली हातझेरिम येथील सामूहिक शेतीवर ठिबकच्या नळ्यांचा कारखाना निघाला. आज आपल्या केळीत आणि उसात जे ठिबक दिसते, त्याचे एक मूळ तेथे आहे. अश्दोदजवळच्या अश्केलॉनला २००५ पासून समुद्राचे पाणी गोड करणारा मोठा प्रकल्प चालू झाला.

आज

काका सात वर्षांपूर्वी गेले. मावशी आता पंच्याऐंशीच्या आहेत. मुलगा मराठी बोलतो, नातवंडांना समजते थोडे, पतवंडांना एकच शब्द येतो, "आजी". तिकडे आपल्या मंडळींनी "मायबोली" नावाचे मराठी त्रैमासिक चालवले, महाराष्ट्र दिनही साजरा होतो. पण घरात बोलली नाही तर भाषा अंकात किती दिवस टिकणार, अशी खंत मावशींना आहे.

अश्दोद गाझापासून तीसेक किलोमीटरवर आहे. ऑक्टोबर २०२३ मध्ये युद्ध पेटले तेव्हा मी घाबरून फोन केला. मावशी म्हणाल्या, "भोंगा वाजला की जिन्यात जाऊन बसतो. ती कोथिंबीरवाली शेजारीण माझा हात धरते." मग थोडे थांबून म्हणाल्या, "पलीकडेही आयाच आहेत रे. त्यांच्या लेकरांना कोण धरत असेल?" मला यावर बोलता आले नाही.

जाणाऱ्यांसाठी दोन शब्द

आज खेड्यापाड्यांतून मुले परदेशी जात आहेत. या जोडप्याचा अनुभव त्यांनी गाठीशी बांधावा. हातात एखादे काम घेऊन जा, काकांच्या फिटरकीने घर उभे केले. भाषा इथूनच शिकायला लागा. जमीन लगेच विकू नका. परतीची वाट उघडी असली की नव्या जागी धीर टिकतो. एजंट सरकारी नोंदणीचा आहे की नाही, ते विदेश मंत्रालयाच्या ई-मायग्रेट संकेतस्थळावर पाहून घ्या. आणि घरच्या बाईचे मन विचारल्याशिवाय निघू नका. संसार तिकडे तिलाच मांडायचा असतो.

जे मागे राहतात त्यांनीही पहिल्या वर्षी मुलांचा रडवेला फोन आला तर "ये परत" असे एकदम म्हणू नये. आधी ऐकून घ्यावे, रोप मान टाकते तेव्हा आपण थांबतो तसे थोडे थांबावे. पण तिकडे त्यांचा मान राखला जात नसेल, तर परत बोलावण्यात कमीपणाही मानू नये.

परवा मावशींचा फोन आला. प्रकृतीची चौकशी झाल्यावर नेहमीचाच प्रश्न आला, "अलिबागला पाऊस कसा आहे? लावण्या आटोपल्या का?"

मी म्हटले, "आटोपल्या मावशी. रोपांनी मुळी धरली आहे."