छताला चौदा माणसांचा श्वास

गेल्या श्रावणात नाणेघाटातून परतताना घाटघरच्या फाट्यावर जीप मिळाली. जुन्नरच्या पश्चिमेचं, जीवधनच्या पायथ्याचं हे घाटघर. वीजप्रकल्पाचं घाटघर अकोले तालुक्यातलं, ते वेगळं. बाहेर पाऊस आडवा येत होता, सगळ्या काचा बंद होत्या आणि माझ्या डोक्याला काहीतरी ओलं, लिबलिबीत लागत होतं. वर पाहिलं तर छताचं कापड सुटून झोळीसारखं लोंबत होतं. ठिकठिकाणी टाचण्या आणि दोन-तीन केसांच्या पिना खोचून ते कसंबसं वर धरलेलं. खड्ड्यात चाक गेलं की कापडातून पिवळट भुकटी पडायची. शेजारच्या मावशींनी पदर डोक्यावर घेतला होता, तो पावसासाठी नव्हता.

चालक म्हणाला, "घाटघरची हवा, सर. आमच्याकडं काय टिकत नाय."

मला ते पटलं नाही. हवेनं कापड गळून पडतं आणि पत्रा जागेवर राहतो, हे कसं? म्हणून मेच्या शेवटच्या आठवड्यात ती जीप जुन्नरला कुशनवाल्याकडे नेणार असल्याचं कळलं, तेव्हा मीही जाऊन बसलो. घराची कौलं परतायची आणि जीपचं छत बदलायचं, दोन्ही कामं मृगाच्या आत उरकायची असं त्या चालकाचं गणित होतं. येताना टपावर बाळहिरड्याची पोती होती, ती बाजारात उतरवूनच जीप दुकानासमोर लागली.

दुकान म्हणजे पत्र्याची शेड, एक शिलाई मशीन आणि भिंतीला उभ्या टेकवलेल्या रेक्झिनच्या गुंडाळ्या. कारागीर साठीच्या पुढचे. सगळे त्यांना चाचा म्हणतात, मीही म्हणू लागलो. चाचांनी जीपमध्ये डोकं घातलं, एक बोट छताच्या कापडात खुपसलं आणि ते बोट मला दाखवलं. त्यावर हळदीच्या ओल्या लेपासारखं काहीतरी चिकटलं होतं.

"हा फोम होता," ते म्हणाले. "किती माणसं बसवतो रे?"

"चौदा," चालक म्हणाला. मग माझ्याकडे बघून, "कधी कमी पण असतात."

"चौदा माणसं. काचा बंद. तास-सव्वा तास. तो श्वास जाणार कुठं?"

कापड गळण्याचं कारण एवढंच होतं, आणि ते पुस्तकातही असंच आहे. माणूस श्वासातून दिवसाकाठी तीनेकशे मिलिलिटर पाणी बाहेर टाकतो. चौदा माणसांचा तासाभराचा हिशेब केला तर फुलपात्रभर पाणी होतं. ओल्या इरल्या-छत्र्यांचं आणि चिंब कपड्यांचं वेगळं. ही वाफ वर जाते, बाहेरून पावसानं गार पडलेल्या पत्र्याला लागते आणि तिथं तिचं पाणी होतं. पत्रा आणि कापड यांच्यामध्ये फोमचा पातळ थर असतो, तो ते पाणी स्पंजासारखं धरून ठेवतो. फोम म्हणजे पॉलियुरेथेन. जर्मनीतल्या ओटो बायर यांनी 1937 मध्ये शोधलेल्या कुळातला पदार्थ. त्यातल्या काही जातींना दमट उष्णता सोसत नाही. पाणी त्यांच्या साखळ्या तोडत जातं आणि आधी चिकट, मग भुकटी असा त्यांचा शेवट होतो. शिडाच्या जुन्या होड्यांच्या केबिनमध्येही नेमकं हेच होतं: छताचं अस्तर लोंबतं आणि झोपलेल्या खलाशाच्या तोंडावर पिवळं पीठ पडतं. समुद्र असो की घाटमाथा, बंद जागा, गार कवच आणि आत माणसं एवढं जमलं की पुरे.

म्हणजे हवेचा दोष होता, पण तो घाटघरच्या हवेचा नव्हता. आतल्या हवेचा होता.

काम सुरू झालं. बिडिंग उपसली, छताचा दिवा काढला, स्क्रू काढायला घेतले. निम्म्यांची डोकी गंजून गेली होती, ती ड्रिलनं उडवावी लागली. मग चाचांनी कापडाच्या कडेला धरून एक झटका दिला आणि पूर्ण अस्तर खाली आलं. शेडभर पिवळा धुरळा. त्याला एक वास होता. कुबट, आंबूस, पावसाळ्यात बंद ठेवलेल्या घराच्या कोनाड्यासारखा; आणि त्याच्या आत आत कुठेतरी बाजरीचं पीठ, विडी, ओलं घोंगडं. तो वास पुढे दोन दिवस माझ्या शर्टाला होता. धुतल्यावरही मला तो येतोय असं वाटायचं.

चाचांनी तोंडाला रुमाल बांधला होता, डोळ्यांवर मोटारसायकलवाल्याचा गॉगल होता. मास्कबद्दल विचारलं तर त्यांनी नुसता हात हलवला. मान वर, दोन्ही हात वर, पाठ सीटच्या लोखंडी चौकटीला टेकलेली. असं ते दीड तास पत्रा खरवडत होते. आपण वर बघत पंखा पुसला तर दहा मिनिटांत मान धरते. छताच्या कामाची मजुरी लोक कापडाच्या मीटरवर मोजतात. या खरवडण्याची मजुरी त्यात कुठेच नसते आणि काम टिकतं ते नेमकं त्यावर.

हार्डबोर्डचे तीन तुकडे जमिनीवर पालथे ठेवले. ओल पिऊन ते कडांना फुगून पापडासारखे झाले होते. मधल्या तुकड्याच्या मागच्या बाजूला पेन्सिलीनं मापं लिहिलेली होती. आदल्या दिवशीच मी नाणेघाटातल्या लेण्यात उभा होतो. तिथं सातवाहन राणी नागनिकेच्या शिलालेखात यज्ञांत दिलेल्या गाई, घोडे, हत्ती आणि कार्षापण नाणी आकड्यांत नोंदवली आहेत. भारतात आकडे कोरल्याच्या अगदी जुन्या दाखल्यांपैकी तो एक. त्यामुळे असेल, मी त्या पेन्सिलीच्या आकड्यांपाशी रेंगाळलो. चाचाही वाकले. बराच वेळ बघत राहिले.

"हा सात माझा," ते म्हणाले. "हे कामही माझंच."

चालकाला आठवत नव्हतं. जीप त्यानं दुसऱ्याकडून घेतलेली. चाचांना मात्र आठवलं. तेव्हाच्या मालकाला मऊ छत हवं होतं, हात लावला की दबणारं, पुण्याच्या गाडीसारखं. "मी म्हणालो होतो, घाटघरला जाणारी गाडी आहे, साधं रेक्झिन लाव. पण गिऱ्हाईक म्हणेल ते." थोडं थांबून त्यांनी पुढं जोडलं, "तेवढ्या जोरात नसेल म्हणालो."

या एका वाक्यासाठी मी त्या माणसाच्या बाजूचा झालो, हे लपवत नाही.

आताच्या मालकालाही खरं तर मऊच हवं होतं. त्याच्या मोबाइलमध्ये फोटो होता: चौकटी-चौकटीची शिलाई, मध्ये निळे दिवे. चाचांनी फोटो नीट पाहिला, छान आहे म्हणाले, आणि मग बोटावरचा तो पिवळा लेप जीपच्या काचेवर पुसून ठेवला. "चौदा माणसं," एवढंच बोलले. फोटो खिशात गेला.

पत्र्याला तारेचा ब्रश, रेड ऑक्साइड, एक दिवस वाळवण. नवे हार्डबोर्ड कापले आणि त्यांना दोन्ही बाजूंनी ऑइल पेंट दिला. मागची बाजू कोणाला दिसणार, असं चालक म्हणालाच. "पाण्याला दिसते," चाचा म्हणाले.

मग सोल्यूशन. कुशनवाले चिकटद्रव्याला सोल्यूशनच म्हणतात. बोर्डाला एक हात, रेक्झिनच्या पाठीला एक हात, आणि मग दोन्ही तसंच सोडून द्यायचं. चाचा चहा प्यायले. नवशिका इथंच घाई करतो. ओलं असताना चिकटवलं की आतला द्रव उडून जायला वाट राहत नाही आणि उन्हात फुगे येतात. मधूनमधून चाचा बोटाची पाठ लावून बघत. बोटाच्या पेराला तार येईनाशी झाली की वेळ झाली. पण आता दुसरी अडचण. हे दोन वाळलेले थर एकमेकांना लागले की लागले, सरकवता येत नाहीत. म्हणून चाचांनी मध्ये जुन्या वर्तमानपत्राचे दोन मोठे कागद ठेवले. वाळलेलं सोल्यूशन कागदाला धरत नाही. रेक्झिन वर पसरून माप जुळवलं, मधला एक वीतभर पट्टा चिकटवला आणि मग एका हातानं कागद इंचाइंचानं बाहेर ओढत दुसऱ्या तळव्यानं दाबत गेले, मधून कडेकडे. एकही सुरकुती नाही. मी श्वास रोखून बघत होतो, ते रेडिओ ऐकत होते.

बोर्ड बसवताना त्यांनी पत्र्यापासून बोटभर पोकळी ठेवली आणि मागच्या दोन्ही कोपऱ्यांत खाचा सोडल्या, पाणी खांबाच्या आतून खाली उतरावं म्हणून. स्क्रू स्टीलचे. बिडिंग नवी. छत करड्या रंगाचं, टणक, टकटक वाजणारं झालं. दिसायला एसटीसारखं. चालकाचा चेहरा जरा पडलाच होता.

आषाढात पुन्हा गेलो. चावंडच्या पुढे धुकं सुरू झालं, काचा वर गेल्या. मोजली, त्या दिवशी आम्ही पंधरा होतो. घाटघर येईपर्यंत रेक्झिनवर घाम धरला होता, पण तो कडेला ओघळत होता, डोक्यावर पडत नव्हता. फडक्यानं एकदा पुसलं की संपलं. चालकानं आपली काच बोटभर खाली ठेवली होती. चाचांची अट होती ती, हमी त्याच बोलीवर दिलेली. मागच्या सीटवरचा शहरी मुलगा मात्र आपल्या बाजूची काच पुन्हा पुन्हा घट्ट लावत होता.

तेव्हा पावसात नाणेघाटाला जाणार असाल आणि जीपमध्ये खिडकीची जागा मिळाली, तर काच बोटभर उघडी राहू द्या. बाही थोडी भिजेल, तेवढंच.