थंड मोटर, गरम मोटर

इंडक्शन मोटरचा वेग सांभाळणारा ड्राइव्ह बसवताना एकदा ऑटोट्यूनिंग केले की तो ‘अडॅप्टिव्ह’ झाला, असे बऱ्याच कारखान्यांत मानतात. तसे नाही. ऑटोट्यूनिंग बहुधा मोटर बंद आणि थंड असताना होते. तेव्हा मोजलेला रोध आणि इंडक्टन्स ड्राइव्ह जपून ठेवतो. मोटर तापली की ते आकडे खोटे पडू लागतात.

आणि हा फरक किरकोळ नसतो. तांबे काय किंवा ॲल्युमिनियम काय, रोध दर अंश सेल्सिअसला सुमारे ०.४ टक्के वाढतो. रोटर (मोटरचा फिरणारा भाग) १०० अंशांनी तापला तर वाढ जवळपास ४० टक्के! १९७०च्या सुमारास जर्मनीत हासे आणि ब्लाश्के यांनी मांडलेल्या व्हेक्टर कंट्रोलमध्ये स्टेटरच्या (मोटरच्या स्थिर भागाच्या) करंटचे दोन भाग करतात: एक चुंबकीय फ्लक्ससाठी, दुसरा टॉर्कसाठी. अप्रत्यक्ष पद्धतीत ही वाटणी रोटरच्या रोधावर बेतलेली असते. तो चुकला की स्लिप (रोटर चुंबकीय क्षेत्राच्या किती मागे पडतो ते) चुकते, फ्लक्सची दिशा चुकते, आणि तेवढ्याच टॉर्कला मोटर जास्त करंट घेऊन आणखी तापू शकते. खऱ्या अडॅप्टिव्ह पद्धती मोटर चालू असतानाच असे अंदाज सुधारतात.

दुसरा गैरसमज जास्त धोक्याचा: अडॅप्टिव्ह ड्राइव्हला एन्कोडर (मोटरचा वेग मोजणारा सेन्सर) कधीच लागत नाही. एन्कोडरविना वेग ओळखण्याच्या एका पद्धतीत दोन गणिती मॉडेल फ्लक्स काढतात. एकात वेगाचा संबंध नसतो, दुसऱ्यात असतो. दोन्ही उत्तरे जुळेपर्यंत ड्राइव्ह वेगाचा अंदाज बदलत राहतो. मध्यम आणि जास्त वेगाला हे उत्तम चालते. स्टेटरची फ्रिक्वेन्सी शून्यावर आली, की रोटर फिरतोय की थांबलाय याची खूण व्होल्टेज-करंटमध्ये उरतच नाही. क्रेनवर टांगलेला बोजा एन्कोडरविना केलेल्या अंदाजाच्या भरवशावर धरून ठेवू नये.

वेग आणि रोटरचा रोध दोन्ही एकदम ओळखता येतात, हाही भ्रमच. फ्लक्स स्थिर असेल तर रोध वाढला की वेग घटला, हे स्टेटरकडून पाहताना वेगळे करता येत नाही. त्यासाठी एन्कोडर हवा, नाहीतर फ्लक्समध्ये मुद्दाम हलका चढउतार करावा लागतो.

राहिली वीजबचत. तिचे श्रेयही अडॅप्टिव्ह ड्राइव्हला देऊ नये. पंखा ८० टक्के वेगाने चालवला तर वीज साधारण निम्मी लागते, पण ही किमया वेग कमी करण्याची आहे. व्होल्टेज आणि फ्रिक्वेन्सीचे प्रमाण ठरावीक ठेवणारा साधा व्ही/एफ ड्राइव्हही ती साधतो. उंच टाकीत पाणी चढवणाऱ्या पंपाला मात्र उंचीवर मात करावीच लागते, म्हणून तिथे बचत एवढी होत नाही, ड्राइव्ह कोणताही घ्या.