दहावीचा इतिहास-भूगोल : उजळणीची पन्नास वर्षे

महाराष्ट्रात अकरावीची मॅट्रिक मागे पडून दहावीची पहिली शालान्त परीक्षा झाली ती 1975 मध्ये. या पन्नास वर्षांत गणित-विज्ञानाच्या तयारीबद्दल उदंड बोलले गेले. इतिहास, राज्यशास्त्र आणि भूगोल यांची उजळणी मुले कशावरून करतात, हे मात्र फारसे कुणी विचारले नाही. ‘त्यात काय, शेवटच्या आठवड्यात पाठ करायचं’ ही घरोघरची समजूत होती, आजही आहे.

सुरुवातीला साधने मोजकीच होती. बालभारतीचे पुस्तक आणि फळ्यावरचे मुद्दे उतरवून घेतलेली वही. एखादे उत्साही सर स्टेन्सिल कापून सायक्लोस्टाईलवर प्रश्नसंच काढत. नवनीतसारख्या प्रकाशनांची गाइडे होती, पण एकच गाइड थोरल्याकडून धाकट्याकडे जाई. पुढे ‘अपेक्षित’ प्रश्नसंच आले, ‘21 अपेक्षित’ हे नाव घराघरांत पोहोचले. त्यांना सरसकट दोष देणे मला पटत नाही. ज्या शाळेत इतिहासाला वेगळा शिक्षकच नव्हता, तिथल्या मुलीला प्रश्नपत्रिका कशी असते हे त्या संचांनीच दाखवले. नुकसान झाले ते दुसऱ्या टोकाला. धडा वाचण्याआधीच उत्तर हाती येऊ लागले. झेरॉक्स स्वस्त झाल्यावर तर वर्गातल्या हुशार मुलाच्या नोट्स साऱ्या गावभर फिरल्या. त्या लिहिताना त्याचा जो अभ्यास झाला, तो झेरॉक्समध्ये उतरत नव्हता.

2010 पासून सहापैकी सर्वोत्तम पाच विषयांची टक्केवारी धरली जाऊ लागली. मुलांवरचा ताण कमी करणारा निर्णय म्हणून तो योग्यच होता. पण सामाजिक शास्त्रे सोडून दिली तरी चालते, असे अनेकांनी त्याच वेळी मनाशी धरले.

मग 2018 मध्ये दहावीची पुस्तके बदलली. या पन्नास वर्षांतली सर्वांत मोठी घटना कोणती असे विचारले, तर मी या पुस्तकांकडे बोट दाखवीन. भूगोल भारत आणि ब्राझील यांच्या तुलनेवर उभा राहिला. प्राकृतिक रचना, हवामान, लोकसंख्या, वस्ती, प्रत्येक धड्यात दोन देश समोरासमोर आणि सोबत नकाशे, आलेख, तक्ते. बंगालच्या उपसागरात वादळे उठतात, ब्राझीलच्या किनाऱ्यावर ती क्वचितच का येतात, याचे उत्तर नकाशा उघडल्याशिवाय सापडत नाही. इतिहासाचे पुस्तक तर घटनांच्या यादीपासून पुरते दूर गेले. इतिहास लिहितात कसा, हा पहिल्याच धड्याचा विषय. व्हॉल्टेअर, रांके, मार्क्स, फुको ही नावे पंधरा वर्षांच्या मुलांसमोर आली. पुढे भारतीय परंपरा, उपयोजित इतिहास, खेळ, पर्यटन, प्रसारमाध्यमे, ठेव्यांचे जतन. मराठी शाळेतल्या मुलांवर एवढा विश्वास क्वचितच कुणी टाकला होता.

बाजाराने या विश्वासाचे काय केले? ‘आर्किऑलॉजी ऑफ नॉलेज हा ग्रंथ कोणी लिहिला’ एवढाच फुको उरला. संकल्पनाचित्रांचे रिकामे चौकोन आधीच भरून छापले गेले. ‘सकारण स्पष्ट करा’ या प्रश्नाची कारणे क्रमांक घालून तयार मिळू लागली. पुस्तक विचार करायला सांगत होते आणि नोट्स त्याच धड्याचे पुन्हा पाठांतर करून ठेवत होत्या. भारत-ब्राझील तुलनेचे तयार कोष्टक पाठ करणारा मुलगा आलेख वाचायला शिकत नाही. आणि तो आलेख हाच तर धडा होता.

2019 मध्ये या अभ्यासक्रमाची पहिली परीक्षा झाली. त्याच वर्षी भाषा आणि सामाजिक शास्त्रांचे अंतर्गत 20 गुण काढले होते. निकाल आदल्या वर्षीच्या 89.41 टक्क्यांवरून 77.10 वर आला. पुढच्या वर्षी ते गुण परत दिले गेले. मार्च 2020 मध्ये टाळेबंदीमुळे भूगोलाचा पेपर आधी पुढे ढकलला आणि नंतर रद्द झाला, इतर विषयांच्या सरासरीवरून गुण मिळाले. 2021 मध्ये तर लेखी परीक्षाच झाली नाही.

याच काळात पीडीएफ, यूट्यूब आणि व्हॉट्सॲपवरच्या नोट्स आल्या. बालभारतीची पुस्तके मोफत उतरवून घेता येतात, त्यांतले क्यूआर कोड दीक्षा ॲपवर उघडतात. आज साधनांचा तुटवडा नाही, पण मुलाच्या हातची टिपणे दिसेनाशी झाली आहेत. 2023 मध्ये सरकारने दुसरी ते आठवीच्या पुस्तकांत ‘माझी नोंद’ म्हणून कोरी पाने घातली आणि 2025 मध्ये तो निर्णय मागे घेतला. दप्तराचे ओझे कमी करणे हा त्या योजनेचा मोठा हेतू होता, पण मला त्यातली नोंदीची जागा मोलाची वाटली होती.

शिक्षकांना आणि पालकांना एक विनंती आहे. गाइड घ्यायचे असेल तर जरूर घ्या, पण ते दिवाळीनंतर उघडू द्या. तोवर प्रत्येक धड्याचे एक पान मुलाला स्वतःच्या शब्दांत लिहू द्या, चुकीचे का असेना. भारताचा आणि ब्राझीलचा नकाशा त्याच्याच हाताने भरू द्या. मग ते पान गाइडशी ताडून पाहा, आणि चुका त्यालाच दुरुस्त करायला सांगा.