बुणग्यांची बखर

पानिपतच्या संहाराची पहिली वार्ता, भेलशाच्या रोखाने उत्तरेकडे निघालेल्या नानासाहेब पेशव्यांना, कोणा सरदाराच्या खलित्याने नव्हे तर वाटेत हाती लागलेल्या एका सावकारी पत्राने कळली, ही कथा महाराष्ट्रातील शाळकरी मुलासही ठाऊक असते. त्या पत्रात मृतांची नावे नव्हती. दोन मोत्ये, सत्तावीस मोहरा आणि मोजदादीपलीकडचे रुपये व खुर्दा एवढ्याच नुकसानीची पेढीच्या परिभाषेत नोंद होती, आणि वाचणाऱ्याने त्यातून सदाशिवरावभाऊ, विश्वासराव, मातबर सरदार व हजारो अनामिक माणसे ओळखून घ्यावयाची होती. ज्याने हे लिहिले तो तलवारीचा धनी नव्हता, कीर्तीशी त्याला कर्तव्य नव्हते, आणि आपण वाङ्मय लिहीत आहो अशी शंकाही त्याला स्पर्शली नसेल. तरी युद्धाविषयीच्या मराठी गद्याचा विचार करू लागले की मला प्रथम तोच आठवतो. कारण या गद्यातील जो भाग काळाच्या चाळणीतून खरोखर शिल्लक राहिला आहे, तो बहुतेक सर्व अशाच, लढाईशी ज्यांचा थेट संबंध नव्हता अशा माणसांच्या हातचा आहे. कारकून, यात्रेकरू, भिक्षुक आणि आगबोटीवरचा उतारू हे आपले युद्धाचे लेखक होत.

हे असे का झाले याचे एक उघड कारण आहे. ज्याच्या हाती समशेर होती त्याच्या हाती क्वचितच लेखणी असे. शिंदे-होळकरांची पत्रेसुद्धा त्यांच्या चिटणिसांनी लिहिलेली आहेत. शाहिराने वीराचा पोवाडा गाइला, परंतु तो गाताना फौजेच्या मागून चाललेल्या जगाकडे वळून पाहण्याची त्याला फुरसत नव्हती, आणि बिदागी देणाऱ्यासही त्या जगाविषयी ऐकावयाचे नव्हते. ते जग लहान नव्हते. वाणी, बाजारकरी, भिस्ती, मशालजी, खिजमतगार, सरदारांचे कबिले आणि लष्कराच्या आश्रयाने काशी-प्रयाग साधून घेऊ पाहणारे यात्रेकरू मिळून पानिपतावर बुणग्यांची संख्या लढवय्यांहून अधिक होती. १७६० च्या हिवाळ्यात खंदक खणून भाऊंचा तळ तेथे पडला, अब्दालीने दक्षिणेची वाट रोखली, डिसेंबरात गोविंदपंत बुंदेले मारले जाऊन रसदीची आशा तुटली, आणि उपाशी मरण्यापेक्षा लढून मरावे या निश्चयाने १४ जानेवारी १७६१ रोजी फौज बाहेर पडली, तेव्हाही या सर्वांना पोटाशी घेऊन चालावयाचे म्हणून गोलाची लढाई योजावी लागली. त्या दिवसाच्या यशापयशाची मीमांसा त्र्यंबक शंकर शेजवलकरांसारख्या साक्षेपी पंडिताने केली आहे, ती येथे पुन्हा मांडण्याचे प्रयोजन नाही. मला पाहावयाचे आहे ते एवढेच की, गोल फुटल्यानंतर त्याच्या आतल्या माणसांचे काय झाले, हे आपल्याला कोणी सांगितले.

एक वृत्तांत शत्रूच्या छावणीतून आला. काशीराज पंडित हा दक्षिणी ब्राह्मण शुजाउद्दौल्याच्या पदरी होता. तहाच्या वाटाघाटीत त्याचे जाणे-येणे होते, आणि लढाईनंतर विश्वासरावांच्या देहाला अग्निसंस्कार मिळावा म्हणून ज्यांनी खटपट केली त्यांत तोही होता. सुमारे वीस वर्षांनी, १७८० च्या सुमारास, त्याने जे पाहिले ते फारसीत लिहिले; त्याचे इंग्रजी भाषांतर १७९१ मध्ये जेम्स ब्राऊनने केले; आणि मराठ्यांच्या सर्वांत मोठ्या पराभवाची एका मराठी माणसाने दिलेली साक्ष अशा रीतीने दोन परकीय भाषांचे उंबरठे ओलांडून महाराष्ट्रात पोचली. दुसऱ्या दिवशी सुमारे ४०,००० बंदिवान कापले गेले, हा जो आकडा आपण आजही देतो तो त्याचाच. आकड्याविषयी वाद करता येईल; परंतु त्याच्या लिहिण्यातील संथ, दफ्तरी स्वर वाचताना मनाला जो चटका बसतो, तो शोकाने ओथंबलेल्या कित्येक कादंबऱ्यांनी बसत नाही.

बखरींचा प्रकार निराळा. कृष्णाजी शामरावाच्या नावावर असलेली ‘भाऊसाहेबांची बखर’ ही मराठी गद्याचे भूषण आहे यात संशय नाही. तिच्यातील संवाद इतके जिवंत आहेत की पुढील दोन शतकांतील नाटककारांनी व कादंबरीकारांनी तिच्यावरच पोट भरले, आणि १९८८ साली विश्वास पाटलांनी ‘पानिपत’ लिहिले तेव्हाही ती परंपरा खंडित झाली नव्हती. तथापि बखरकाराचे मन कुरुक्षेत्री रमलेले असते. माणूस पडला की त्याला भारती युद्धातील एखाद्या वीराची उपमा मिळते, आणि उपमा मिळाली की त्याच्या मरणाचा प्रश्न सुटतो. रघुनाथ यादवाच्या ‘पाणिपतच्या बखरी’कडे मात्र मी अधिक क्षमाशील दृष्टीने पाहतो. ती त्याने पेशव्यांच्या पत्नी गोपिकाबाई यांच्या आज्ञेवरून लिहिली असे परंपरा सांगते. ज्या मातेचा पुत्र विश्वासराव अठरा-एकोणीस वर्षांचा होऊन गोळी लागून पडला, आणि त्या धक्क्याने खचलेला पतीही त्याच वर्षी २३ जूनला पर्वतीवर गेला, ती आपल्या कारकुनास सांगते की, काय घडले ते लिहून दे. अशा वेळी त्याने उपमांचा आश्रय केला असेल तर त्यास दोष कोणी द्यावा? ऐकणारी व्यक्ती कोण आहे यावर युद्धाचे वर्णन किती अवलंबून असते, हे या एका प्रसंगावरून ध्यानी येते.

या सर्वांहून मला मोलाची वाटतात ती नाना फडनिसांच्या आत्मवृत्ताची थोडीशी पाने. पुढे ज्याच्या मुत्सद्देगिरीने इंग्रजांस आणि निजामास जेरीस आणले, तो बाळाजी जनार्दन पानिपतावर एकोणिसाव्या वर्षाच्या उंबरठ्यावर होता, विश्वासरावांचा जवळजवळ समवयस्क. फडनिशी त्याच्याकडे वारशाने आलेली होती, प्रकृती किरकोळ, ओढा देवपूजेकडे. आई आणि पत्नी बरोबर होत्या आणि तीर्थयात्रा हाही या मोहिमेत सामील होण्याचा एक हेतू होता. लिहितानाची त्याची रीत विलक्षण आहे. बालपणीची मूर्तिपूजेची आवड आणि तारुण्यातील कामविकाराचा त्रास तो सारख्याच निर्भीडपणे सांगतो, आणि त्याच स्वरात, जणू तीही आपल्या एका दोषाचीच कथा असावी अशा रीतीने, पराभवाच्या संध्याकाळकडे वळतो. घोडा सोडलेला, अंगावरची वस्त्रे टाकून दिलेली, बरोबरची माणसे लुटारूंच्या वारांनी घायाळ. गवतात लपणे, झाडपाला खाणे, रात्री चालणे. स्वतःच्या हातचा पराक्रम येथे सापडत नाही. आई हरवली, पुढे तिच्या मृत्यूची बातमी आली. या ठिकाणी एखाद्या कादंबरीकाराने दहा पाने खर्ची घातली असती. नाना मात्र दुःख सांगतो, पुढे चालू लागतो, आणि त्यामुळे ते दुःख वाचकाच्या अंगावर येऊन पडते.

मला या लेखनात एक गोष्ट फार अर्थपूर्ण वाटते. नाना स्वतःला निर्दोष ठरवीत नाही, परंतु वीर न ठरल्याबद्दल लाजतही नाही. पळून जीव वाचविणे ही युद्धातील सर्वांत सामान्य कृती असून साहित्यात ती सर्वांत दुर्मिळ आहे. पुढे पेशवाईच्या राजकारणात प्रतिस्पर्ध्यांनी नानाच्या भित्रेपणाची टवाळी केली, नाटकांतून तो विषय चघळला गेला. आणि टवाळी करणाऱ्यांपैकी फार थोड्यांनी ती पाने डोळ्यांखालून घातली असावीत.

पराभवाचे परिणाम बखरींच्या शेवटच्या पानावर संपत नाहीत. भाऊंचा देह निःसंदिग्धपणे ओळखला गेला याची खात्री पुष्कळांना पटली नव्हती, आणि या शंकेवर एक मनुष्य स्वतःस भाऊ म्हणवून उभा राहिला. तो कनोजी ब्राह्मण असून त्याचे नाव सुखनिधान होते असे सरकारी चौकशीत ठरले. त्याला रत्नागिरीस कैदेत ठेवले होते. १७७६ मध्ये तेथून सुटून त्याने कोकणातील किल्ले घेण्यापर्यंत मजल मारली, आणि वर्षअखेरीस पुण्यात त्यास देहांत शासन झाले. पंधरा वर्षांपूर्वी मेलेल्या माणसामागे किल्लेदार व शिबंदी लोटावी, हे त्या लोकांच्या राजकीय भोळेपणाचे लक्षण म्हणून सांगितले जाते. मला तो निर्णय घाईचा वाटतो. ज्या हजारो घरांतील माणसे उत्तरेत गेली ती ना परतली ना त्यांच्या मृत्यूची खबर आली, त्या घरांना एक भाऊ परत आलेला हवाच होता. एक आला तर बाकीच्यांच्या येण्याचा दरवाजा उघडतो. भाऊंच्या पत्नी पार्वतीबाई पानिपताहून परतल्या, आणि १७८३ मध्ये निधन होईपर्यंत त्यांनी सौभाग्यचिन्हे उतरविली नाहीत. नरसिंह चिंतामण केळकरांनी १९१३ मध्ये ‘तोतयाचे बंड’ लिहिले ते या वस्तूवर, आणि युद्धाची खरी शोकांतिका रणापासून हजार मैलांवर, वाड्याच्या ओसरीवर घडते हे ज्याला उमगले असा तो आपल्याकडील पहिल्या काही नाटककारांपैकी एक होय.

शंभर वर्षांनंतर असाच एक अनाहूत साक्षीदार वरसईहून निघाला. विष्णुभट गोडसे हा पेणजवळच्या त्या गावचा दरिद्री भिक्षुक. बायजाबाई शिंदे मोठा यज्ञ करणार आणि दक्षिणेची लयलूट होणार, असे ऐकून तो १८५७ च्या प्रारंभी चुलत्याबरोबर उत्तरेस चालू लागला, आणि कर्ज फेडण्याच्या हिशेबाने निघालेला हा ब्राह्मण ह्यू रोजच्या तोफा झाशीवर सुरू झाल्या तेव्हा नेमका झाशीत होता. ‘माझा प्रवास’ वाचताना प्रथम ध्यानात येते ती त्याची दक्षिणेविषयीची निःसंकोच आस्था. कोठे काय मिळाले, जेवण कसे होते, कोणी आदर केला, हे तो विसरत नाही. आणि हीच सवय झाशीच्या बिजनाच्या, म्हणजे सरसकट कत्तलीच्या, वेळी त्याच्या उपयोगी पडते. शहर पडल्यावर लूट कशी झाली हे तो दिवसवार सांगतो: आधी सोने-नाणे, मग भांडी, मग वस्त्रे, मग धान्य, अशा क्रमाने घर रिकामे होत जाते. सेनापतींची रोजनिशी शहर जिंकल्याची तारीख देते. परंतु माणसाच्या घरातून पराभव कोणत्या क्रमाने जातो, याची नोंद घ्यावयास भिक्षुकाचीच नजर लागते. जळालेला हलवाईपुरा, विहिरींत उड्या टाकणारी माणसे, सरणाला लाकूड मिळेना म्हणून घरातल्या सामानावर दिलेले अग्नी, हे सारे तो आवाज न चढविता लिहितो.

झाशीच्या राणीशी त्याची पुढे काल्पीच्या बाजूस वाटेत, एका विहिरीपाशी, भेट झाली. पुरुषी वेषातील, धुळीने माखलेली, तहानेने व्याकुळ अशी ती स्त्री. हा मातीच्या घड्याने पाणी काढू लागला तर विद्वान ब्राह्मणाकडून ती सेवा घेणे तिला रुचले नाही आणि ती स्वतःच पाणी शेंदून ओंजळीने प्याली. लक्ष्मीबाईंविषयीच्या ज्या कविता आपण पाठ करीत आलो, त्यांच्यात घोडा आहे, पाठीशी बांधलेले मूल आहे, तळपती तलवार आहे. ही तहान तेवढी त्यांच्यात नाही.

गोडसेभटजींनी हा वृत्तांत चिंतामण विनायक वैद्यांच्या आग्रहावरून, पंचवीस वर्षांच्या अंतराने लिहिला, आणि आपल्या हयातीत तो छापू नये अशी अट घातली. इंग्रजी अमलात तसे करणे शहाणपणाचेच होते. १९०७ साली वैद्यांनी तो प्रसिद्ध केला, परंतु भाषा नीटनेटकी करून व मजकुरात फेरफार करून. मूळ हस्तलिखितावरून दत्तो वामन पोतदारांनी सिद्ध केलेली प्रत १९६६ मध्ये हाती आली. दोन्ही प्रती शेजारी ठेवून वाचणाऱ्यास सुशिक्षितांच्या दुरुस्तीने साक्ष किती निवते ते कळेल. वैद्यांचे ऋण मोठेच आहे, पण त्यांनी लेखणी जरा आवरती घेतली असती तर ते आणखी मोठे झाले असते.

या साक्षीदारांची मर्यादाही सांगितली पाहिजे. नाना काय, गोडसे काय, दोघेही अक्षरओळख असलेल्या जातीतले. त्यांना आपापल्या माणसांची नावे ठाऊक होती. पाणी वाहणारा, घोड्यांस दाणा घालणारा, तोफेचे बैल हाकणारा आणि त्यांच्या बायका, ज्यांतील कितीतरी अफगाण लुटीबरोबर उत्तरेस गेल्या, यांची ओळ कोठेच नाही. विसाव्या शतकात परिस्थिती सुधारावयास हवी होती. कूत-अल-अमाऱ्यात २९ एप्रिल १९१६ रोजी तुर्कांच्या स्वाधीन झालेल्या सैन्याचे नावच पुणे डिव्हिजन असे होते, मराठा पलटणी तीत होत्या. दुसऱ्या महायुद्धात इटलीत यशवंत घाडगे व नामदेव जाधव यांनी व्हिक्टोरिया क्रॉस मिळविले. सातारा जिल्ह्यातील कित्येक खेड्यांच्या वेशीवर महायुद्धास गेलेल्यांच्या संख्येच्या शिळा आहेत. परंतु मेसोपोटेमियातील वेढ्यात घोड्याचे मांस खावे की उपाशी राहावे या पेचात सापडलेल्या शिपायाची मराठी कादंबरी आपल्या अभिजात ग्रंथांत मला आढळत नाही. अण्णा भाऊ साठ्यांनी स्टालिनग्राडवर पोवाडा रचिला, ही त्या काळची मोठी घटना. गिरणगावातल्या कामगाराला व्होल्गाकाठचा वेढा आपला वाटला, आणि बगदादच्या वाटेवर मेलेला गाववाला मात्र शिळेवरच राहिला.

पोकळी भरून निघाली ती एका अनपेक्षित दिशेने. १९३९ मध्ये विश्राम बेडेकरांचे ‘रणांगण’ निघाले, आणि त्यात रणांगण कोठेही नाही. युरोपातून पूर्वेकडे निघालेली आगबोट. तीवर स्वदेशी परतणारा चक्रधर, आणि हिटलरच्या राज्यातून हुसकलेले ज्यू, ज्यांना शांघायला जावयाचे आहे, कारण परवाना न मागता उतरू देणारे त्यांच्या आवाक्यातले बंदर तेवढेच उरले होते. हॅर्टा त्यांपैकी एक. थोड्या दिवसांचे प्रेम होते, मुंबई येते, चक्रधर उतरतो, हॅर्टा पुढे जाते आणि समुद्रात देह टाकते. तोफ वाजण्यापूर्वीच संपलेल्या या युद्धाला बेडेकरांनी जे नाव दिले त्याचा अर्थ प्रथमच्या वाचकांना नीट लागला नाही, आणि पुस्तकाची थोरवी मान्य व्हावयास बराच काळ जावा लागला.

चक्रधर भेकड की हृदयशून्य, यावर आपल्या समीक्षकांनी पुष्कळ शाई खर्चिली आहे, आणि ती चर्चा प्रायः प्रीतीची आहे. मला त्याचा गुन्हा निराळाच दिसतो. नानाजवळ पळावयास पाय होते, गोडसेभटजींजवळ वरसईची वाट होती, तसा चक्रधराजवळ मुंबईत उतरण्याचा हक्क होता, आणि तिघेही त्या अधिकाराने वाचून लिहावयास वा आठवावयास मोकळे झाले. पहिल्या दोघांना मागे राहिलेल्यांसाठी काही करणे शक्य नव्हते. चक्रधराला ते कदाचित शक्य होते, निदान हॅर्टाला तसे वाटले होते. आणि बेडेकर या ‘कदाचित’चा निकाल कोणत्याही बाजूने लावून देत नाहीत.